शरयूवहिनी आणि एक टक्का

शरयूवहिनींना खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. आम्ही बदलीवाले लोक. कोलकात्यात चार-पाच वर्षं काढायची आणि पुढच्या गावी जायचं. अशा ठिकाणी सगळ्यांशी गोड राहण्यातच शहाणपण असतं. वहिनी मात्र कुणाकडे जेवायला बसल्या की सांगत, "आमटीत मीठ जास्त झालंय, पण भातावर चालेल." कुणी नवी साडी दाखवली की म्हणत, "कापड छान आहे, रंग तुला नाही गं शोभत." बोलून झालं की मान किंचित कलती करून समोरच्याकडे बघत आणि विचारत, "सरळ आहे की नाही?"

हे वाक्य वर्गातलं होतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही सहा वर्षं त्या सांगलीला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होत्या. पुढे त्यांचे यजमान विलास राजवाडे यांची बदली झाली आणि वहिनींची नोकरी सुटली, असं मी एकदा बोलता बोलता म्हणालो. वहिनींनी लगेच दुरुस्ती केली. "सुटली नाही भाऊजी, सोडायला लावली. राजीनामा यांनीच टाईप करून आणला होता. त्यात एक चूक होती. ती मी सुधारली आणि सही केली."

राजवाडे आमच्याच बँकेत, विभागीय कार्यालयात, माझ्यापेक्षा एक हुद्दा वर. मी एस्प्लनेडजवळच्या एका शाखेचा व्यवस्थापक. राहायला आम्ही दोघंही टालीगंजच्या बाजूला बँकेच्या क्वार्टर्समध्ये होतो. ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या, बरोबर त्यांच्या खाली. त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं पुष्कळसं मी ऐकलेलं आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणण्याची सोय मला नाही.

राजवाडे माणूस म्हणून सगळ्यांना हवेसे. गणपतीत नाट्यपदं म्हणायचे. कुणाचं रेल्वेचं तिकीट अडलं की रांगेत स्वतः उभे राहायचे. कुणाला रक्त लागलं तर पहिले हजर. आवाज मऊ, कपडे कायम इस्त्रीचे. "अहो काळे" म्हणून खांद्यावर हात ठेवत, तेव्हा बरं वाटायचं. हेही खरं आहे आणि ते मला लपवायचं नाही.

वहिनी उंच, हाडापेरानं मजबूत, भरभर चालणाऱ्या. काही समजावून सांगताना तर्जनीनं टेबलावर लिहीत, आणि चूक झाली तर तळहातानं पुसूनही टाकत. टेबलावर अर्थातच काही नसे. क्वार्टर्समधली बंगाली मुलं संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला येत. त्यांना ती 'शोर्जू काकिमा' म्हणत. फी घ्यायची नाही, असा राजवाड्यांचा हुकूम होता. बँक ऑफिसरची बायको शिकवण्या करते हे बरं दिसत नाही. मग मुलांच्या आया संदेश मिठाईचे खोके आणून देत. "या महिन्याचा पगार सव्वा किलो," वहिनी माझ्या बायकोला, वसुधाला, म्हणायच्या आणि अर्धा खोका आमच्याकडे द्यायच्या. वसुधा हसायची. वहिनी म्हणायच्या, "हसू नको. यात भाजी येत नाही, हा यातला मुद्दा आहे."

वहिनींना बाहेर जायचं असलं की राजवाडे सकाळी चपलांच्या कपाटावर तेवढेच पैसे ठेवून जात. जाण्या-येण्याचे. परतीला रिक्षा केली तर संध्याकाळी त्याची विचारणा होई. वहिनी हेही चारचौघांत सांगत, हवापाण्याचं सांगावं तसं, आणि लोक हसत. त्या बोलतात ते विनोदच असतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

एका संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. बायका सतरंजीवर, आम्ही पुरुष मागे चहाच्या पातेल्यापाशी. वाण म्हणून बाकीच्या जणी डबे, चाळण्या वाटत होत्या. वहिनींनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा कापून, हळदीच्या पाण्यात बुडवून, वाळवून पट्ट्या केल्या होत्या. प्रत्येकीला एक पट्टी दिली. मग साबणाच्या पाण्याची वाटी मध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "बुडवा."

पट्ट्या लाल झाल्या. दोघीतिघी "अगंबाई" म्हणाल्या.

"हळदीचं कुंकू असं होतं. अल्कली मिळाली की हळद लाल. त्यात सौभाग्याचा काही संबंध नाही. सरळ आहे की नाही?"

थोडी कुजबुज झाली. मग मंडळातल्या सगळ्यात जुन्या, कोलकात्यातच जन्मलेल्या एक आजी होत्या, त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "आणि तुझ्या कानामागे गं काय लाल झालंय?"

"मारलं ना यांनी," वहिनी म्हणाल्या. "पोळी करपली होती. ताट फेकलं. कडेनं लागलं म्हणून कापलं. सपाट लागलं असतं तर नुसतं सुजलं असतं."

अल्कलीचं सांगितलं त्याच आवाजात. मग आमच्यातून राजवाड्यांचा मोकळा आवाज आला, "अहो, हिच्या हातात कुणी माईक देऊ नका! मला आत टाकतील!" आणि अख्खा हॉल हसला. मीही हसलो. माझ्या हातातला चहा बशीत सांडला, एवढा हसलो. फक्त वहिनी हसत नव्हत्या. फळ्यावर उत्तर लिहून दिल्यावरही वर्गात एकालाही कळलेलं नाही, हे दिसल्यावर शिक्षक जसा बघेल, तशा त्या एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या.

आमच्या दिवाणखान्यातला पंखा त्यांच्या दिवाणखान्याच्या खाली होता. वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला तर काही नसे. राजवाड्यांचा आवाज यायला लागला की मात्र पंखा हलायचा. ते ओरडत नसत. एकसुरात, संथ, कार्यालयातलं टिपण वाचून दाखवावं तसं बोलत, आणि मधूनमधून जमिनीवर काहीतरी आदळे. पोत्यासारखं जड. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर असंच सुरू झालं. वसुधा म्हणाली, "आवाज कमी करा."

"अगं, मॅच..."

"कमी करा म्हणते ना." आणि ती पायात चपलाही न घालता वर गेली. मी तिच्यामागे गेलो, पण जिन्याच्या वळणावर थांबलो. तिथून त्यांचं दार दिसायचं.

राजवाड्यांनी दार उघडलं. पांढरा सदरा, केस नीट. श्वाससुद्धा चढलेला नाही. "या वहिनी. चहा टाकायला सांगू?"

त्यांच्यामागे शरयूवहिनी जेवणाच्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या. खालचा ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवरून पदरावर उतरत होतं. एका बाजूचे केस सुटले होते आणि त्यातले मूठभर फरशीवर पडले होते. बोलायला तोंड उघडलं तेव्हा दातही लाल दिसले.

"वसुधा, तू जा," त्या म्हणाल्या. "अजून संपलेलं नाही. कुणी आलं की हे थांबतात, आणि मग पहिल्यापासून सुरू करतात."

राजवाडे हसले. "बघितलंत? हिची आपली करमणूक."

वसुधा हलेना. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता. तेव्हा मी जिन्यावरून म्हणालो, "वसुधा, चल."

त्या दिवशी मी बोललेलं हे एकच वाक्य. ती खाली आली. आम्ही दोघं पंख्याखाली बसलो आणि ते पहिल्यापासून सुरू झालं.

चार दिवसांनी वहिनी वाटी परत द्यायला आल्या. वसुधानं त्यांना सरळच विचारलं, "तुम्ही इथून जात का नाही?"

"कुठे जाऊ? भाऊ सांगलीला दोन खोल्यांत, त्याची तीन मुलं. आणि सांगलीला जायचं तरी तिकीट काढावं लागतं. शिकवणीची फी घेतली असती तर आत्तापर्यंत दहा वेळा गेले असते. हे ओळखून आहेत ते. मूर्ख नाहीत." ओठावरची खपली सांभाळत त्या सावकाश बोलत होत्या. "मला मारायला यांना हात लागतो, पण ठेवून घ्यायला ते कपाटावरचे वीस रुपये पुरतात. सरळ आहे की नाही?"

मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो.

त्याच वर्षी त्यांचे वडील गेले. सांगलीतली एक जागा विकली गेली आणि भावानं, सज्जन माणूस, बहिणीचा निम्मा वाटा तिच्या नावाचा चेक करून पाठवून दिला. रक्कम बरी होती. एका बाईला कुठेही खोली घेऊन तीन-चार वर्षं कुणाकडे हात न पसरता राहता येईल, एवढी होती. वहिनी तो चेक एका शाळेच्या फाईलमध्ये घालून माझ्या शाखेत आल्या. त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, हे माझ्या एकटीच्या नावावर ठेवायचेत."

आता मला जे लिहायचं आहे ते इथे आहे.

आमच्या बँकेत कर्मचाऱ्याला ठेवीवर एक टक्का जास्त व्याज मिळतं. बायकोचं नाव दुसरं लावता येतं, पण पहिलं नाव कर्मचाऱ्याचं हवं, आणि हे पैसे माझ्याच मालकीचे आहेत असं त्यानं लिहून द्यायला हवं. बँकवाल्यांच्या घरांत बायकांना माहेरून मिळालेलं, आईनं शेवटी हातात दिलेलं, मोडलेल्या बांगड्यांचं, सगळं असंच नवऱ्याच्या नावामागे जाऊन बसतं. एक टक्क्यासाठी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट, न केलं तर वेड्यात काढतात. वसुधाच्या आईचे पैसे मी असेच ठेवले होते.

मी वहिनींसाठी चहा मागवला. त्यांचा बिनसाखरेचा. आणि समजावून सांगायला लागलो, कागदावर आकडे मांडून, पाच वर्षांत किती फरक पडतो ते.

त्यांनी आकडे तपासले. "हिशोब बरोबर आहे," म्हणाल्या. मग फॉर्म वाचला. त्या सगळे फॉर्म शेवटपर्यंत वाचत. "पण हे खोटं आहे ना? पैसे तर माझे आहेत. यांचे नाहीत."

"वहिनी, नवरा-बायकोत माझं-तुझं काय? नुसता कागद असतो. सगळे स्टाफवाले असंच करतात."

"सगळे खोटं लिहितात?"

"फॉर्मॅलिटी हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बँकेतला माणूस होतो. घरातला होतो. खालच्या मजल्यावर राहणारा होतो. मग पेन उचलत त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर."

त्या सकाळी राजवाड्यांचा मला फोन आला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. "काळे, ती येईल. फायद्याचं तिला कळत नाही, जरा समजावा." त्या वर्षी माझी बढतीची मुलाखत होती. पण खरं सांगायचं तर मुलाखत नसती तरी मी तेच केलं असतं. पंखा हलताना ऐकलेला माणूस मी, आणि मला त्या टेबलावर फक्त एक टक्का दिसला. दुसऱ्या दिवशी राजवाडे आले, सही केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'माझ्यासमोर सही केली, खात्री करून घेतली' याखाली मी माझी सही ठोकली.

दीड वर्षानं वहिनी पुन्हा शाखेत आल्या. या वेळी त्या बसल्या नाहीत. त्यांच्याकडे फुकट शिकून गेलेल्या एका मुलीच्या काकांची कोलकात्याजवळच्या बजबजला खासगी शाळा होती. तिथे विज्ञानाला शिक्षिका हवी होती. शाळेजवळ एक खोली बघून ठेवली होती. घरमालकाला आगाऊ रक्कम द्यायची होती आणि पहिला पगार येईपर्यंत खायचं होतं.

"ठेव मोडायची आहे."

मी म्हणालो, "वहिनी, मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात."

"यांची सही?" त्यांनी टेबलाची कड धरली. "ती मिळाली असती तर मी इथे कशाला आले असते? भाऊजी, हे तुम्ही तेव्हा सांगितलं नव्हतं."

नव्हतं सांगितलं.

"यांना कळलं तर मारतील. या वेळी नेहमीपेक्षा जास्त मारतील. म्हणून आधी खोली आणि मग सांगणं, असं ठरवलं होतं. आता दुसरं काहीतरी बघावं लागेल." त्या तर्जनीनं माझ्या टेबलाच्या काचेवर काहीतरी लिहीत होत्या, पुसत होत्या.

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "मी मार्ग काढतो."

माझा मार्ग म्हणजे फोन. बँकेत आम्ही एकमेकांसाठी हे करतोच. सहकाऱ्याचा चेक परत जायला लागला, खात्यात काही वेडंवाकडं दिसलं, की आधी त्याला फोन. तीस वर्षं मी हे सौजन्य पाळत आलो होतो आणि इतरांनीही ते माझ्याशी पाळलं होतं. वहिनी दारातून बाहेर पडल्या आणि माझा हात आपोआप रिसीव्हरवर गेला. मनात मी मध्यस्थ होतो. समजुतीनं सगळं मिटवणारा भला माणूस.

"साहेब, वहिनी आल्या होत्या. ठेव मोडायची म्हणताहेत. बजबजला कुठे नोकरी... तुमची सही लागेल. जरा सबुरीनं घ्या हं."

पलीकडून तोच मऊ आवाज. "बरं केलंत काळे. घरचं माणूस तुम्ही."

साडेपाचला वसुधाचा फोन आला. ती रडत नव्हती, ओरडत होती. "या! दार उघडत नाहीयेत! ती किंचाळतेय, ती कधी किंचाळत नाही!"

मी मेट्रोनं पोचेपर्यंत दरवानानं आणि पहिल्या मजल्यावरच्या दत्तबाबूंनी कडी तोडली होती. राजवाडे सोफ्यावर बसून पाणी पीत होते. झोपायच्या खोलीच्या दाराला, बिजागरीच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत रक्ताचा ओघळ होता. चौकटीच्या लाकडात कातडीचा तुकडा अडकला होता. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात वसुधाच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल मूळचा कुठल्या रंगाचा होता ते कळत नव्हतं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं टॉवेल सोडला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. तिनं विचारलं, "के कोरेछे?" कुणी केलं?

"आमार शामी," वहिनी म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं. मग बंगालीतच, नीट, क्रमानं सांगितलं. बिजागरीच्या फटीत हात धरला आणि दार तीन वेळा लावलं. पहिल्या वेळी म्हणाले, याच हातानं सह्या करतेस ना. दुसऱ्या वेळी काही म्हणाले नाहीत. मोडल्याचा आवाज त्याच वेळी आला. तिसऱ्या वेळी गरज नव्हती, तरी लावलं.

डॉक्टरीण हसली नाही. तिनं सगळं लिहून घेतलं. मधे थांबून एकदा विचारलं, "तीन वेळा?" वहिनींनी मान हलवली. आपलं बोलणं कुणीतरी वहीत उतरवून घेतंय, हे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर मला वेदनेच्या जोडीला काहीतरी वेगळं दिसलं. समाधान म्हणायला माझी जीभ धजत नाही, पण तसंच काहीतरी.

बाहेर बाकावर वसुधा म्हणाली, "पण त्याला कळलं कसं? आजच कसं कळलं?"

मी म्हणालो, "काय माहीत."

वहिनींचं स्ट्रेचर आमच्या समोरून आत नेत होते. वहिनींनी ऐकलं. "भाऊजींनी फोन केला ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वसुधाला माहिती हवी होती, ती त्यांनी दिली.

वसुधानं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती मला त्याबद्दल कधीही एक शब्द बोललेली नाही. महिन्याभरानं तिनं पोस्टात स्वतःचं खातं उघडलं. कुठल्या पोस्टात, ते मला आजही माहीत नाही.

इस्पितळातून वहिनी घरी आल्याच नाहीत. दत्तबाबूंच्या बायकोनं आणि वसुधानं मिळून त्यांना बजबजला पोचवलं. घरमालकाची रक्कम कुणी दिली ते मला सांगण्यात आलं नाही. राजवाडे दोन दिवसांत जामिनावर सुटले. मंडळात लोक म्हणाले, वाईट झालं, पण बाईनं पोलिसांपर्यंत जायला नको होतं. पुढच्या गणपतीत राजवाड्यांनी पद म्हटलं नाही. चहाच्या पातेल्यापाशी मात्र ते उभे होते.

वर्ष-सव्वा वर्षानं अलीपूरच्या कोर्टात, ठेवीच्या दाव्यात, मला साक्षीला बोलावलं. वहिनींच्या वकिलानं. राजवाड्यांचं म्हणणं असं होतं, की सासऱ्यांना आपण वेळोवेळी मदत केली होती, तो चेक म्हणजे त्याची परतफेड. म्हणून पैसे आपले. म्हणून तसं लिहून दिलं आणि शाखा व्यवस्थापकानं खात्री करून घेतली. सगळं येऊन माझ्यावर थांबलं होतं. मी एवढंच सांगायचं होतं, की त्या दिवशी या बाई माझ्यासमोर म्हणाल्या, पैसे माझे आहेत, हा कागद खोटा आहे. आणि तरीही मी तो केला.

तेवढं सांगितलं असतं तर माझी चौकशी लागली असती. खोटं प्रमाणपत्र, जास्तीचं व्याज. निवृत्तीला सात महिने राहिले होते. आदल्या आठवड्यात राजवाड्यांनी फोन करून एवढंच विचारलं होतं, "काय काळे, पेन्शनचे कागद झाले का पुरे?"

वहिनींनी माझ्याआधी जबाबावर सही केली. डाव्या हातानं. एकेक अक्षर काढायला इतका वेळ लागत होता की कारकून पेन वाजवायला लागला. उजवा हात मांडीवर होता. त्याची बोटं आतल्या बाजूला वळलेली होती आणि ती आता उघडत नव्हती.

वकिलानं मला विचारलं, "ही रक्कम आपली स्वतःची आहे असं या बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "रेकॉर्डप्रमाणे ठेव नियमानुसार आहे."

"रेकॉर्ड नको. त्या काय म्हणाल्या?"

"आठवत नाही."

मला आठवत होतं. चहा आठवत होता, फाईल आठवत होती, 'सगळे खोटं लिहितात?' हा प्रश्न आठवत होता, आणि नंतरचं 'तुम्ही म्हणताय तर'ही. हे मी इथे लिहितो आहे, कारण पेन्शन आता सुरू झालं आहे. माझ्या धैर्याची किंमत किती, ते यावरून ज्यानं त्यानं ठरवावं. ती ठेव राजवाड्यांकडेच राहिली.

कोर्टाबाहेर फुटपाथवर त्या बसची वाट बघत उभ्या होत्या. मी जवळ गेलो. काय बोलणार होतो देव जाणे.

"भाऊजी, तुम्हाला आठवतंय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, माझं पेन्शन..."

"हो. ते अडकलं असतं. ते खरं आहे." त्यांनी थोडा विचार केला. "मी त्या पैशांवर थोडी टेकणार होते. हाताला पुन्हा ऑपरेशन सांगितलंय. आता ते नाही होणार. शाळा मात्र साठीपर्यंत करावी लागेल, पुढेही ठेवून घेतलं तर बरं." माझ्याकडे न बघता त्या मनातल्या मनात काहीतरी मांडत होत्या. "तीनला दहावीचा तास आहे माझा. येते."

माझेरहाट स्टेशनला जाणारी बस आली. तिथून त्यांना बजबजची गाडी मिळायची. त्या चढल्या. खिडकीतून मला आतलं दिसत होतं. बायकांसाठी राखलेल्या जागेवर एक दांडगा माणूस पाय फाकून मोबाईल बघत बसला होता.

"दादा, उठुन. एटा लेडिज सीट." उठा, ही बायकांची जागा आहे.

त्यानं मान वर केली नाही. "एइ तो नामबो," म्हणाला. आत्ता उतरणारच आहे.

"ना. उठुन."

त्यानं वैतागून एकदम कोपर उचललं. मोबाईल खिशात घालायला उचललं असेल. पण ते वर जाताक्षणी वहिनींचं अख्खं अंग आखडलं. खांदे कानांपर्यंत गेले, डोळे घट्ट मिटले आणि वाकडा हात डोक्यावर आला. मार पडायच्या आधी येतो तसा. शेजारच्या दोन बायका बघायला लागल्या. तो माणूसही बघायला लागला.

वहिनी मागे सरकल्या नाहीत. डोळे मिटलेलेच होते, हात डोक्यावर होता, आणि त्या तशाच पुन्हा म्हणाल्या, "उठुन."

कंडक्टर दारात उभा राहून पत्र्यावर थापा मारत होता. मला म्हणाला, "काका, जाबेन?" येणार का? मी नाही म्हणून मान हलवली. बस निघाली तेव्हा तो माणूस दांडा धरून उभा होता, आणि त्या बसल्या होत्या.